जाईनंतरचं नाव

कुसुम खानझोडेला कुणी विचारलं, तुम्ही राहता कुठे, तर स्वतःच्या क्वार्टरचा नंबर सांगायच्या आधी ती म्हणायची, "माझी सख्खी बहीण तिकडे ऑफिसरांच्या सेक्टरमध्ये असते." बहिणीचं कुणी विचारलेलं नसायचं. भाजीवाल्यालासुद्धा तिनं हे सांगून ठेवलं होतं. आता भाजीवाल्यानं काय करायचं होतं त्याचं? पण एखाद्याकडे मिरवायला एकच गोष्ट असते, आणि ती पुन्हा पुन्हा काढून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये माणूस ओळखायला वेळ लागत नसे. क्वार्टरचा टाइप कळला की पगार कळला, हुद्दा कळला, बायको लेडीज क्लबात जाते की रेशनच्या रांगेत उभी राहते तेही कळलं. कुसुमचा नवरा दत्तात्रय कारखान्यात फिटर. क्वार्टर अगदी शेवटच्या लायनीत. दोन खोल्या, स्वैपाकघर, मागे अंगण. अंगणात पेरूचं झाड, तुळस, धुणं धुवायची फरशी. कमरेएवढं मेंदीचं कुंपण, त्याला लागून दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची तसलीच अंगणं, आणि समोर उगवतीकडे नुसतं उजाड मैदान. पाहुणे आले की कुसुम ते मैदान दाखवून म्हणायची, "वारं काय मस्त येतं!" दुसरं दाखवण्यासारखं काय होतं?

बहीण लीला. तिचा नवरा जयंत कारखान्यात मोठा साहेब. बंगल्यापुढे लॉन, लॉनवर वेताच्या खुर्च्या, फाटकावर पितळी पाटी. सायकलवर टांग मारली की पोचावं इतक्या जवळ दोघी बहिणी राहत होत्या. म्हणजे नकाशावर.

हे सगळं झालं कसं, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोघी मूळच्या काटोलच्या. आई लवकर गेली, वडील तिच्यामागून गेले, आणि कुसुमनं लग्नानंतर पहिली गोष्ट केली ती म्हणजे धाकटीला भोपाळला आणली. कुसुमची स्वतःची शाळा नववीत सुटलेली. आईच्या आजारपणात चूल कोण बघणार? पण लीलाला तिनं कॉलेजात घातलं. दत्तात्रयनं एका शब्दानं नाही म्हटलं नाही; बाहेरच्या खोलीत खाट टाकून दिली आणि मेव्हणीच्या अभ्यासासाठी खिडकीशी दिवा लावून दिला. जयंतचं स्थळही त्यानंच आणलं. टाउनशिपच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या वेळी हा नवा इंजिनिअर पोरगा भेटला, होस्टेलच्या जेवणाला कंटाळलेला. "रविवारी घरी ये रे," म्हणून दत्तात्रयनं त्याला आणला. चार रविवार कुसुमनं वरण-भात वाढला, पाचव्या रविवारी त्यानं लीलाला मागणी घातली. लग्न लागलं ते ह्याच मागच्या अंगणात. मांडवाच्या बल्ल्या रोवल्या त्या जागी अजूनही जमीन जराशी खचलेली होती. कुसुम झाडताना ते खड्डे मुद्दाम बुजवत नसे.

मग जयंत चढत गेला. एकेक प्रमोशन, एकेक मोठं क्वार्टर, आणि दर क्वार्टरगणिक लीला एकेक पाऊल लांब. भांडण? छे. भांडण झालं असतं तर बरं. मंडळाच्या हळदीकुंकवाला भेटली की "ताई, ताई" करत गळ्यात पडायची. पण क्लबातल्या बायका बरोबर असल्या, बाजारात समोर आली, की तिला एकदम दुसऱ्या दुकानात काम निघायचं. कुसुम म्हणायची, "घाईत असेल." दत्तात्रय म्हणायचा, "हो, साहेबीण बायका फार घाईत असतात."

शाहपुऱ्याला लीलानं रिटायरमेंटनंतर राहायला म्हणून स्वतःचं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला दोन जेवणं झाली. दुपारी मराठी माणसांची पंगत, संध्याकाळी क्लबवाल्यांची पार्टी. दुपारी कुसुम पंगतीत होती. संध्याकाळी ती स्वैपाकघरात वडे तळत होती, आणि बाहेरच्या हॉलात कोण आलं, कोण गेलं, ते तिला फक्त आवाजावरून कळत होतं. निघताना तिनं हळूच विचारलं, "लीले, मी कोण ते सांगितलंस का गं त्या बायकांना?" लीला म्हणाली, "ताई, तिथं कोण कुणाला विचारतंय?"

कुसुमनं ते मनात धरलं नाही. नाही, खोटं कशाला सांगू, धरलं. पण धरलं ते असं, की एक ना एक दिवस कुणीतरी विचारेल, आणि लीलाला सांगावं लागेल. एवढंच हवं होतं तिला. साडी नको, चोळी नको, गाडीतून फिरवणं नको. त्या चार बायकांच्या समोर एकदा लीलाच्या तोंडून 'ही माझी बहीण' एवढं ऐकायचं होतं.

आणि तसा दिवस आला. नोव्हेंबरचा महिना, नुकतंच तुळशीचं लग्न झालेलं, बोरं-आवळे अजून वृंदावनात पडलेले. वर्तमानपत्रांत उल्कावर्षावाचं वारं उठलं होतं. पहाटे उगवतीकडे तारे नुसते पावसासारखे पडणार म्हणे. संध्याकाळी दिवेलागणीला लीलाची गाडी लायनीच्या तोंडाशी थांबली. लीला चालत आत आली. गाडी कधीच दारापर्यंत येत नसे. ड्रायव्हरला वळवायला त्रास होतो, असं ती सांगायची. पाण्याचा टँकर वळायचा त्या गल्लीत, पण साहेबांची गाडी वळत नव्हती.

"ताई, एक काम होतं."

आधी तिनं मंगलाची चौकशी केली. मंगला म्हणजे कुसुमची मुलगी, अमरावतीला दिलेली. मग पेरूची केली. दत्तात्रयच्या गुडघ्याचीही केली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी बराच वेळ घोळ घालत होती. शेवटी भांडं बाहेर निघालं. क्लबच्या बायकांना तारे बघायचे होते. ऑफिसरांच्या सेक्टरमध्ये मोठमोठी आंब्याची झाडं आणि रस्तोरस्ती पिवळे झगझगीत दिवे. तिथून आकाश दिसायचंच नाही. क्लबच्या प्रेसिडेंट सक्सेना मॅडम, म्हणजे कारखान्याच्या सर्वांत बड्या साहेबांच्या पत्नी, त्यांनी विचारलं होतं की अंधारी, मोकळी जागा कुणाला ठाऊक आहे का. लीलाला ठाऊक होती.

"तुझं मागचं अंगण, ताई. चार-पाच जणी येऊ. तासाभराचं काम. जयंत टूरवर आहे, मीच आणते त्यांना."

"अगं, विचारतेस काय! तुझंच घर आहे. तुझ्या लग्नाचा मांडव तिथंच पडला होता, सांग की त्यांना!"

लीलानं पर्सची चेन उघडली, मिटली. "फार काही करू नकोस हं. आणि लायनीतली गर्दी नको."

"गर्दी कशाला करेल कुणी? मी सांगते ना सगळ्यांना."

बस. तेवढं पुरे झालं. लीलाची पाठ फिरली नाही तोच कुसुम पदर खोचून लायनीत निघाली. दत्तात्रयनं मागून हाक मारली, "अगं ऐक तरी. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे!" पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती.

अंधार हवा होता ना? मग लायनीतला एकेक दिवा बंद करायला हवा. कुसुमनं दारोदार जाऊन सांगितलं, "उद्या पहाटे मागचे दिवे लावू नका हो. माझ्या बहिणीकडची माणसं येणार आहेत. मोठ्या साहेबांच्या मिसेस येणार आहेत." मैदानाच्या कडेला सडकेचा एक दिवा होता, थेट अंगणात डोळे वटारणारा. तो लावून घ्यायलाही कुसुमच भांडली होती, चोऱ्या व्हायच्या म्हणून. आता तो विझवायला तिनं नवऱ्याला टाउनशिपच्या लाइनमनकडे पाठवलं. दत्तात्रय कुरकुरत गेला, लाइनमनला पान खिलवून आला, आणि म्हणाला, "झालं. पहाटेपुरता फ्यूज काढून ठेवतो म्हणाला. बहिणीसाठी चोरांनासुद्धा आवतण देऊन आलो."

शेजारची सरोज चौरसिया कुंपणावर कोपर टेकून हे सगळं बघत होती. सरोज वाईट बाई नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं तिच्या. "भाभी," ती म्हणाली, "एक बात पूछूँ? सगी बहन है तो कभी दिन में क्यों नहीं आती?"

कुसुमचं तोंड क्षणभर एवढंसं झालं. मग ती म्हणाली, "उद्या ये, आणि ऐक आपल्या कानांनी. तिच्या तोंडूनच ऐक."

बघा, बोलून गेली. आता नुसती तिची इच्छा राहिली नव्हती. आता लायनीत पैज लागली होती.

रात्रभर कुसुमचा डोळा लागला नाही. अंगण सारवून काढलं, सतरंज्या झटकल्या, मंगलाच्या लग्नातल्या दोन नव्या दुलया ट्रंकेतून काढल्या. पोहे भिजवायला मोजून ठेवले, कांदा चिरून झाकला, भोपाळी लोकांना लागते म्हणून वरून घालायला शेव आणली. दिवाळीचा चिवडा उरला होता, तो नव्या बरणीत भरला. आणि हे करता करता तिला काटोलची गच्ची आठवत होती. उन्हाळ्यात आई दोघींना घेऊन गच्चीवर निजायची. तारा तुटला की आईनं घालून दिलेला नेम होता: पाच फुलांची नावं घ्यायची, एकीनं एक, दुसरीनं दुसरं. सुरुवात नेहमी धाकटीनं करायची. जाई, मग मोठीनं जुई, मग मोगरा, मग शेवंती, आणि शेवटचं पारिजातक पुन्हा धाकटीचं. मध्येच सोडायची नाहीत. सोडली तर तो तारा आपल्याच घरावर पडतो, असं आई म्हणायची. लीला झोपेत असली तरी कुसुम तिला गदागदा हलवून 'जाई' म्हणायला लावायची. घर वाचवायचं होतं ना!

पहाटे गाडी आली. लायनीच्या तोंडाशीच थांबली. टॉर्चचे ठिपके हलत हलत अंगणात आले, आणि उंची सेंटचा वास त्यांच्याही आधी. लायनीत मिट्ट काळोख. प्रत्येकानं शब्द पाळला होता, एक काडीसुद्धा कुणी पेटवली नव्हती. आणि अर्थातच सगळी लायन जागी होती. आपापल्या अंगणात, गोधड्या पांघरून, कुंपणाअलीकडे-पलीकडे माणसं चिडीचूप उभी होती. मोठ्या साहेबाची बायको आपल्या मागच्या अंगणात काही रोज येत नाही.

"टॉर्च बंद कीजिए, आँखों को अँधेरे की आदत होने दीजिए," कुणीतरी म्हणालं. टॉर्च मालवले. आता कुणाचा चेहरा कुणाला दिसेना.

कुसुम पुढे झाली. "या, या. आइए. बसा."

"नमस्ते, नमस्ते," चार-पाच आवाज आले, आणि शालींची सळसळ सतरंजीवर बसली. कुसुम थांबली. आता लीला सांगेल. घरात शिरल्यावर पहिली गोष्ट तीच असते ना? लग्नघरी असो की मयताच्या घरी, यजमानीण कोण हे आधी सांगतात. लीला म्हणाली, "मॅडम, आप इधर बैठिए, यहाँ से पूरब साफ दिखेगा."

असेल, विसरली असेल. कुसुम चहा ठेवायला आत गेली.

बाहेर "वो देखो! वो गया!" सुरू झालं. स्वैपाकघराच्या खिडकीतून तिलाही दिसले दोन-तीन. पांढरी रेघ ओढल्यासारखी यायची आणि पुसली जायची. पावसासारखे काही पडत नव्हते. वर्तमानपत्रवाल्यांचं नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण एकेक तारा असा काही जायचा, की हातातलं काम तसंच राहायचं. कुसुमनं प्रत्येकाला मनातल्या मनात पाचही नावं दिली. पोह्यांना वाफ येऊ दिली, चहाचे कप ट्रेमध्ये मांडले, आणि पायातल्या चपला काढून अनवाणीच बाहेर आली, कारण अंधारात सतरंजीला अडखळून चहा सांडायला नको होता. म्हणून तिची चाहूल कुणाला लागली नाही.

ती त्यांच्या अगदी पाठीशी उभी होती तेव्हा सक्सेना मॅडमचा आवाज आला. मोठा, मोकळा, चांगल्या मनाच्या बाईचा आवाज. "लीला, ये लोग तुम्हारे कौन हैं? बेचारी रात भर की जागी लगती हैं, इतनी खातिर कर रही हैं."

विचारलं! इतकी वर्षं कुणी विचारत नव्हतं, ते विचारलं. कुसुमनं ट्रे पोटाशी धरला.

लीला जरा थांबली. फार नाही. घोट गिळण्याएवढी.

"मायके की तरफ की हैं, मॅडम," ती म्हणाली. "ऐसे ही, जान-पहचान की."

"अच्छा, अच्छा," सक्सेना मॅडम म्हणाल्या, आणि पुन्हा वर बघू लागल्या.

मेंदीच्या पलीकडे कुणीतरी खोकलं. सरोज होती. कुसुमला ते खोकणं ओळखू आलं, आणि त्या खोकण्यामागची गप्प झालेली सगळी लायनही कळली. दिवे तिनंच विझवले होते. लोकांना तिनंच जागं ठेवलं होतं. आपल्या फजितीला तिनं घरोघरी जाऊन आवतणं दिली होती. आणि त्या दिवशी अंगणात दिवा असता, तर निदान लीलाला तिच्या तोंडाकडे बघून बोलावं लागलं असतं.

आता दुसरी एखादी असती तर ट्रे आदळून आत गेली असती. कुसुमनं काय केलं? चहा दिला. एकेकीच्या हातात कप दिला, "गरम आहे, सांभाळून" म्हणाली. लीलाच्या हाताला तिचा हात लागला तेव्हा लीला दचकली. ताई केव्हापासून मागे उभी होती, ते तिला त्या क्षणी कळलं. कप घेतला तिनं.

पोहे आतच राहिले.

कुसुम तुळशीपाशी जाऊन उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं. तिला भयंकर राग येत होता, आणि तो लीलाचा होताच, पण त्याहून जास्त आपलाच होता. एवढी वरणभाताची पातेली उतरवली, एवढ्या वेण्या घातल्या, एवढ्या फिया भरल्या दत्तात्रयच्या ओव्हरटाइममधून, आणि त्याच्या बदल्यात एक शब्द बोलायचं हिला ओझं व्हावं! खिडकीशी दिवा लावून दिलेल्या पोरीला, अंधार मिळाल्याबरोबर!

पूर्वेला जराशी राख पसरल्यासारखं उजाडू लागलं होतं, आणि बायका उठायच्या बेतात होत्या, तेव्हा तो आला. त्या पहाटेचा सर्वांत मोठा. मैदानाच्या कडेवरून निघाला आणि पेरूच्या झाडावरून थेट डोक्यापर्यंत गेला, हिरवट, जळत, मागे धुराची दोरी सोडत. क्षणभर अंगणातले चेहरे दिसले. लायनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसांच्या तोंडून एकच "आहा" निघाला.

आणि त्या "आहा"नंतरच्या शांततेत लीलाच्या तोंडून शब्द गेला.

"जाई."

क्लबातला आवाज नव्हता तो. काटोलच्या गच्चीवरचा होता, झोपेतून हलवून उठवलेल्या पोरीचा. ठरवून बोलली नव्हती ती. ठरवून बोलली असती तर आधीच बोलली नसती का? निघून गेला शब्द. आणि मग ती गप्प राहिली, मान जराशी मागे वळवून. वाट बघत होती. पुढचं नाव मोठीनं घ्यायचं असतं.

कुसुमच्या ओठांवर आलं होतं. जुई. दोन अक्षरांचं नाव. आयुष्यभरात एकदाही तिनं ते अडवलं नव्हतं. तापानं फणफणली असतानाही म्हटलं होतं. ते म्हटलं असतं, की लीलाला मोगरा म्हणावंच लागलं असतं, आणि सक्सेना मॅडम काही दुधखुळ्या नव्हत्या. अशी फुलं जान-पहचानीची माणसं आळीपाळीनं म्हणत नाहीत हे त्यांना आपोआप कळलं असतं. लायनीलाही कळलं असतं. जे हवं होतं ते सगळं त्या एका नावात होतं.

कुसुमनं ओठ मिटून घेतले.

आकाशातली धुराची दोरी वाकडी झाली, विस्कटली, नाहीशी झाली.

"क्या कहा आपने, लीला?" सक्सेना मॅडमनी विचारलं.

"कुछ नहीं, मॅडम," लीला म्हणाली. "ऐसे ही."

बायका गेल्या. जाताना सगळ्यांनी "बहुत धन्यवाद" म्हटलं, सक्सेना मॅडमनी तर कुसुमचा हात हातात घेऊन म्हटलं, "आपको बड़ी तकलीफ दी." त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी नीट विचारलं होतं, त्यांना नीट सांगितलं गेलं होतं. लाइनमननं कबूल केल्याप्रमाणे फ्यूज लावला आणि मैदानाकडचा दिवा भकभक करून लागला. अंगणात एकदम सगळं दिसायला लागलं: चुरगळलेल्या दुलया, कपांच्या तळाशी थिजलेली साय, वृंदावनाच्या कट्ट्यावर कुणीतरी ठेवून दिलेला चहाचा कप, आणि सतरंजीवर लीलाचा थर्मास.

थर्मास घ्यायला लीला एकटीच परत आली. बाकीच्या गाडीत बसल्या होत्या. ती कुसुमसमोर उभी राहिली. डोळे लाल दिसत होते. जागरणानं असतील, नसतीलही. "ताई," ती हळू म्हणाली, "तू म्हटलं नाहीस."

कुसुमनं दुलईची घडी घालायला घेतली. तिला लीलाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. तिला लीलाला जवळ ओढून घ्यावंसंही वाटलं, आणि ह्या दुसऱ्या वाटण्याची तिला जास्त चीड आली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून सरोज बोलली. एरवी सुरीसारखी चालणारी जीभ तिनं आज कुठून तरी मऊ करून आणली होती. सगळं ऐकूनही काही न ऐकल्यासारखा चेहरा केला होता तिनं. मागे दोन अंगणांतल्या बायका कामाचं निमित्त करून उभ्याच होत्या. "भाभी," सरोज म्हणाली, "यही हैं ना आपकी बहन?"

शेजारणीनं पदरात टाकलेलं दान होतं ते. झालं गेलं अंधारात गेलं, आता उजेडात, सगळ्यांसमोर, एकदा हो म्हणा आणि मान राखा, असं ती म्हणत होती. लीलानंही मान वर केली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी लीलानं नाही म्हटलं नसतं. गाडी लांब होती, क्लब गाडीत होता. लीला हसायच्या तयारीत होती. "हो, मी धाकटी," एवढं म्हणायला तिनं तोंडसुद्धा उघडलं होतं.

भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत जे कुसुम न विचारता सांगत आली, ते आज कुणीतरी विचारत होतं.

"नाही गं," कुसुम म्हणाली. घडीवर हात फिरवून तिनं ती सरळ केली, आणि सरोजला नीट कळावं म्हणून पुढचं हिंदीत सांगितलं. "मायके की तरफ की हैं. जान-पहचान की."

लीलाचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिनं थर्मास उचलला, झाकण खाली पडलं ते वाकून उचललं, आणि गेली. कुसुमनं तिच्याकडे पाठ केली होती. पावलं दारापर्यंत गेलेली ऐकली, पायरीवर थांबलेली ऐकली, आणि मग नाही ऐकली.

दत्तात्रय दाराशी उभा होता. तो काही टोमणा मारेल असं तिला वाटलं, पण आज त्यानं काही मारला नाही. "पोहे गार झाले असतील," तो म्हणाला.

"सरोजकडे द्या," कुसुम म्हणाली. "लायनीत वाटा. बाहेरच्यांसाठीच केले होते."

कारखान्याचा पहिला भोंगा झाला. दत्तात्रय ताटली घेऊन कुंपणाकडे गेला. कुसुम झाडू घेऊन अंगणात उतरली. पेरूच्या झाडापाशी आल्यावर मांडवाच्या बल्लीचा तो जुना खड्डा झाडूला लागला. तिनं कुंपणाजवळची मूठभर माती आणून त्यात टाकली, पायानं दाबली, आणि पुढे झाडत गेली. त्या दिवसानंतर कुणी विचारलं, तुम्ही राहता कुठे, तर ती आपल्या क्वार्टरचा नंबर सांगायची आणि गप्प बसायची.